आखाजीचा रिकामा झोका

श्रीगजाननास वंदन करून, आज आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना जे आठवले ते लिहितो. सासरी नांदणाऱ्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात, असा आमचा हा सण.

माझा धाकटा भाऊ चित्रकार होता. आमची एकुलती बहीण सासरी वारली, त्याच वर्षी तळोद्याच्या देवळात देवीचे चित्र काढण्याचे काम मी त्याला सोपवले. त्याने भिंतीवर तापीची कोरडी वाळू रंगवली, काठावर एक निंब, आणि निंबाला रिकामा झोका. पाणी घेऊन परतणाऱ्या सुना तिथे थांबत व पदराने डोळे पुसत.

मी संतापलो. "यामा देव कोठे शे?" असे विचारून, शास्त्राचा आधार देत, त्याच्यादेखत भिंतीवर चुन्याचे दोन हात देवविले.

तो एवढेच म्हणाला, "दादा, तुले नुसता झोका दिसना, बहीण नही दिसनी."

पुढे त्याने कुंचला हाती धरला नाही. यंदा त्याच्याही नावाची घागर भरली. देवळात येणारे आजही त्या भिंतीची शुभ्रता वाखाणतात.

वाचकहो, तुमच्या लेकी आखाजीला सुखरूप घरी येवोत आणि तुमच्या अंगणातला झोका सदैव भरलेला राहो.