चक्कर, गिरकी आणि चादर

१२ जानेवारी १९७४, सायंकाळी साडेचार. सोलापुरातील आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची शेवटची तालीम सुरू झाली आणि माझी मुलगी कथकाच्या पहिल्याच चक्करात मंचावर आडवी झाली. कार्यक्रम सात वाजता होता.

मी त्या शाळेत कवायत शिकवीत असे. मंचाची व्यवस्था माझ्याकडे होती. फळ्यांवर जाड चादर अंथरली होती. शेजारच्या विणकराने ती खास संमेलनासाठी मागावर काढून दिली होती. आमच्या गावात मान द्यायचा तो चादरीने, आणि मिळालेली चादर सर्वांना दिसेल अशीच ठेवावी लागे. विणकर तालमीलाच पहिल्या रांगेत येऊन बसला होता.

नृत्याच्या बाई मुलीला म्हणाल्या, "या चादरीवर चक्कर नको, गाळू. त्या जागी गिरक्या घे."

"नाही बाई. चक्कर नसतील तर मी नाचणारच नाही."

वर्षभर तिने तेवढेच घोटले होते.

दोन्ही फिरणेच, मग चादर एकालाच का अडवते, असा मला प्रश्न पडला. मी बाईंना दोन्ही करून दाखवण्याची विनंती केली आणि मंचाच्या कडेला वाकून त्यांची पावले पाहू लागलो. चक्करात डावी टाच जागा सोडत नाही. उजवा पाय ठोके देत अंग फिरवतो. टाचेखाली कापड पिळले जात होते. गिरकीत पावले चवड्यांवर उचलली जात. बाई फिरत फिरत मंच ओलांडून गेल्या, तरी चादरीला चुणी पडली नाही. मग त्यांनी आपण होऊन गुडघ्यावर एक फेरी घेतली. त्या फेरीला चादर सोयीचीच होती.

"कवायतीतही आम्ही टाचेवरच वळतो," मी म्हणालो.

"तुमचं वळणं अर्ध्या फेरीवर थांबतं, मास्तर."

मी विणकरापुढे गेलो. चादर काढावी लागेल, असे सांगितले. तो उठून मंचापाशी आला.

"मामा, पाय अडकतोय हो," मुलगी म्हणाली.

"अडकणारच. वीण घट्ट हाय की." त्याने पिळलेली जागा हाताने सारखी केली. "सोलापुरात चादर नको म्हणणारी पहिली शाळा तुमचीच, मास्तर."

"नको म्हटलेले नाही. पायाखाली नको."

"मग मागं टांगा. वाकडी टांगली तर नक्षी वाकडी दिसंल, सांगून ठेवतो."

एक टोक त्यानेच धरले.

सातच्या कार्यक्रमात मुलीने सगळे चक्कर घेतले. टाच जागची हलली नाही. विणकर तिच्याकडे पाहत होता की तिच्या मागच्या नक्षीकडे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

घरी येताना ती लंगडत होती. उघड्या फळीचे कुसळ टाचेत शिरले होते. नाचताना तिने कोणालाही कळू दिले नव्हते. मी तिला दिव्याजवळ बसवले, सुई तापवून कुसळ काढले आणि जखमेत हळद दाबली.