झारखंडला सूर्यफूल

दर्शना मूळची पाट्या रंगवणारी. कांजूरमार्गला तिच्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांची नावं तिच्याच हातची. फ्लेक्स आले, तो धंदा बसला आणि ती भिंती रंगवू लागली. आमच्या मुलुंडच्या सोसायटीने महाराष्ट्र दिनासाठी कंपाउंडच्या भिंतीवर सगळ्या राज्यांची राज्यफुलं काढायचं ठरवलं, तेव्हा तिला बोलावलं. कल्पना क्षमाताईंची. त्या आमच्या सांस्कृतिक प्रमुख. घरातल्या तुळशीला पाणी घालायलासुद्धा त्यांना कामवाली लागते.

दर्शनाने आधी वहीत एकेक फूल पाकळ्या मोजून काढलं, मग भिंतीला हात लावला. पाचव्या दिवशी अध्यक्ष नंदकुमार खुर्ची टाकून समोर बसले. पस्तीस वर्षं कचेरीत लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेला माणूस. निवृत्त झाला तरी खोड जाईना.

"पळस दोनदा का गं?"

"उत्तर प्रदेशचं पळस आहे सर, आणि झारखंडचंही पळसच."

"छे! व्हरायटी पाहिजे. झारखंडला सूर्यफूल देऊन टाक."

अशा रीतीने झारखंडला सूर्यफूल मिळालं. तमिळनाडूची कळलावी नावानेच अशुभ ठरली, तिथे मोगरा आला. दर्शनाने दोन्ही निमूटपणे काढली. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "खोटं काढताना हात जरापण अडखळला नाही, ताई. त्याचीच लाज वाटते."

मग आला महाराष्ट्र. तिने ताम्हण काढलं होतं : जांभळ्या चुणीदार पाकळ्या, मधे पिवळे केसर. त्यासाठी तीन सकाळी ती भांडुपच्या एका झाडाखाली वही घेऊन उभी राहिली होती.

क्षमाताईंनी नाक मुरडलं. "हे काय, चुरगळलेला टिश्यू पेपर? कोण ओळखणार? गुलाब काढ ना."

"मॅडम, आपलं राज्यफूल ताम्हण आहे."

"कोण म्हणतं?"

"सरकार."

"सरकारला काय कळतंय!" नंदकुमार खुर्चीतूनच म्हणाले.

दर्शना शिडीवरून खाली उतरली. "सर, दोन राज्यांचं तुमच्या शब्दावर खोटं काढलं, ती माझी चूक. हे मी पुसणार नाही."

"मग आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ."

"घ्या ना. पण खाली माझं नाव नको."

भिंतीच्या कोपऱ्यातल्या आपल्या नावावर तिने काळ्या रंगाचा एक फराटा ओढला, ब्रश धुतले, शिडी खांद्यावर घेतली आणि गेली.

एक मे रोजी ताम्हणावर गुलाबाचा भलामोठा स्टिकर चिकटला होता. पाहुण्यांनी 'आपलं राज्यफूल गुलाब' असं भाषणात ठासून सांगितलं. समोर आम्ही दीडशे शिकलेसवरलेले, डॉक्टर काय, वकील काय, दोन तर शाळामास्तर. एकाचंही तोंड उघडलं नाही. क्षमाताईंनी कल्पकतेबद्दल शाल घेतली, आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.

महिनाभराने दर्शना मला घाटकोपरला एका बालवाडीच्या भिंतीवर अक्षरं काढताना दिसली. मी थांबले, म्हटलं, "तुझ्याशी फार वाईट वागले गं ते लोक."

"भाषणाला तुम्ही होता ना, ताई?"

"होते."

"मग तेव्हा बोलायचं होतं."

एवढं म्हणून ती वळली आणि 'ग'चा काना भरू लागली.