कुठल्या दिवसाचं विचारता?

ओहोटी लागायच्या आत निघायला हवं होतं, म्हणून माझी पाठवणी घाईतच झाली. आमच्या गावच्या धक्क्याला होडी लागली होती. तिथून मोऱ्याच्या बंदराला जायचं आणि मोऱ्याहून लाँचने मुंबई. आयने सुकटीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वरच्या आवाजात बोलू नको. नवरा सांगंल तसं ऱ्हा." बा धक्क्यावर आलाच नाही. तो लांब मिठागराच्या बांधावर पाठ करून उभा होता. मीठ ओढायची ती वेळ नव्हती, खाडीचं पाणी आत घ्यायचीही नव्हती. तिथे त्याचं काहीएक काम नव्हतं. त्या पाठीचा मी पुढे कित्येक वर्षं विचार केला.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या बायांसाठीही. गावाने माझी गोष्ट आपापल्या परीने सांगून टाकलीच आहे. कुणी म्हणतं चंद्रा पळून गेली, कुणी म्हणतं बापाने विकली. दोन्ही खरं नाही. पण मला स्वतःलाही ते खात्रीने म्हणता येईपर्यंत फार काळ गेला.

ज्याच्याशी माझं लग्न लागलं तो आपलं नाव वसंत सांगायचा. बाला तो पनवेलच्या बाजारात भेटला. मिलमध्ये नोकरी, अंगात पांढरा शर्ट, पायांत बूट. हुंडा नको, मानपान नको, लग्न मात्र लवकर हवं. आज असा माणूस माझ्या दारात आला तर पाणी देण्याआधी मी त्याला दहा प्रश्न विचारीन. तेव्हा आम्हा सगळ्यांना तो देवमाणूस वाटला. मी विशीला टेकले होते, गावात माझ्या बरोबरीच्या पोरी दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या होत्या. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मला मुंबई बघायची होती.

मुंबईत त्याने मला एका गल्लीतल्या माडीवर नेलं. "ही माझी बहीण, आक्का. खोली मिळेपर्यंत इथे राहा," म्हणाला आणि खोली बघायला म्हणून गेला. तो परत आला नाही. आक्काला भाऊच नव्हता, हे मला खालच्या पानवाल्याने सांगितलं. पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. ज्यांनी सोसलं त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना ते कशासाठी वाचायचं असतं याचा मला अजून संशय आहे.

एक मात्र सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. आधी जिन्याच्या दाराला कुलूप असायचं. काही महिन्यांनी ते निघालं. मी एकटी नळावर जाऊ लागले, बाजारात जाऊ लागले. कोपऱ्यावर ट्राम थांबायची. मी कधी चढले नाही. चढून उतरायचं कुठे, हे मला ठाऊक नव्हतं. गावी जाऊन काय सांगणार होते?

मग असले धंदे बंद करायचा नवा कायदा आला. आमच्या गल्लीत त्याच्या बातम्या कायदा यायच्या आधीपासून येत होत्या. कुणी म्हणे सगळ्यांना तुरुंगात घालणार, कुणी म्हणे सरकार सगळ्यांची लग्नं लावून देणार. आम्ही दोन्हींना सारख्याच भीत होतो. एका दुपारी पोलिसांची गाडी आली. बरोबर पांढऱ्या साड्यांतल्या दोन बाया होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "घाबरू नकोस, तुला सोडवायला आलोय." माझ्या दंडाला मात्र तिने इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला.

कोर्टात न्यायच्या आधी आक्का माझ्या कानाशी पुटपुटली, "आपल्या मर्जीनं आले म्हण. नाहीतर तुझ्या गावाला सगळं कळेल, बघ." बरोबरची पोलीस बाई दुसऱ्या बाजूने म्हणाली, "जबरदस्तीनं आणलं म्हण, सुटशील." दोघी माझ्या भल्याचंच बोलत होत्या, असं दोघींचं म्हणणं. मला वाटलं, दोघींनाही माझ्या तोंडून एक वाक्य हवंय, आणि ते मला सोडून बाकी सगळ्यांच्या कामी येणार आहे.

मॅजिस्ट्रेट वयस्क होते. त्यांनी विचारलं, "या धंद्यात तू स्वखुशीने आलीस, की तुला जबरदस्तीने आणलं?"

मी म्हटलं, "सायब, कुठल्या दिवसाचं विचारता?"

मागे कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. "म्हणजे काय?"

"आले तवा फसवून आनलं. मागनं दार उघडं व्हतं, तवा मी गेले नाय. आनि आजचं विचाराल तर आज मला हितं पन यायचं नव्हतं."

मॅजिस्ट्रेटनी पेन उचललं. मग त्यांनी काहीतरी लिहिलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. त्यांनी माझं सगळं उत्तर लिहिलं, की त्यातलं त्यांना हवं तेवढंच, हे मला आजवर कळलेलं नाही. आक्काला शिक्षा झाली आणि मला प्रोटेक्टिव्ह होममध्ये, म्हणजे आमच्यासारख्या सोडवलेल्या बायांच्या सरकारी वसतिगृहात पाठवलं.

त्या होममध्ये दोन वेळा जेवण होतं, शिवणकाम होतं, संध्याकाळी अक्षरं शिकवायला एक बाई यायची. मी आज लिहिते ते तिच्यामुळे. तरी मी कित्येक दिवस भिंतीला पाठ लावूनच झोपायचे. चांगलं वागणाऱ्या माणसाचा मला एकदा अनुभव आला होता. इथल्या चांगुलपणाच्या मागे काय असेल, ते मी शोधत राहायचे. आणि दाराला इथेही कुलूप होतंच.

माझ्या शेजारची शेवंता साताऱ्याकडची, तीही आक्काच्याच माडीवरून आलेली. तिची म्हातारी आई आणि लहान मुलगी गावी होत्या, आणि शेवंता पाठवायची त्यावर जगत होत्या. एकदा होम बघायला शहरातल्या बाया आल्या. आमच्यासमोरच त्यांचा वाद सुरू झाला. एकीचं म्हणणं, ज्या मर्जीने येतात त्यांना दया कशाला? दुसरीचं म्हणणं, मर्जीने कुणी येतच नाही. शेवंता शिवता शिवता उठली. "बाई, मला इचारा की. तिकडं आक्का सोडत नव्हती, हितं तुमी सोडत न्हाई. माझी पोर काय खात असंल?"

दुसरी बाई मऊ आवाजात म्हणाली, "हे तुझ्या भल्यासाठीच आहे ना गं."

"आक्का बी ह्येच म्हनायची," शेवंता म्हणाली.

मग त्या बाईने विचारलं, "मग तुम्हाला तिथेच सोडून द्यायला हवं होतं का?" तिचे डोळे भरले होते. ती खोटं रडत नव्हती, हे मलासुद्धा दिसलं. शेवंता खाली बसून पुन्हा शिवू लागली. पोलिसांची गाडी आली नसती तर मी अजून तिथेच असते, हे मला पक्कं माहीत होतं. पण ज्या हाताने मला बाहेर काढलं त्या हाताचा वळही मला आठवत होता. त्यानंतर होम सांभाळणाऱ्या सुपरिटेंडंटबाईंनी खटपट करून शेवंताच्या आईला आणि मुलीला बोलावून घेतलं. आई-मुलगी भेटल्या, तेवढं मी पाहिलं. पुढे तिला दुसरीकडे हलवलं. ती सुटली का, आणि सुटून कुठे गेली, ते मला कुणी सांगितलं नाही.

मग एक दिवस बा आला. मला घरी पाठवायचं की नाही हे ठरवण्याआधी घरचं माणूस बघायची रीत होती. सुपरिटेंडंटबाई टेबलापाशी बसल्या होत्या. बा बाकावर, टोपी मांडीवर. तो खूप वाळला होता. मी नमस्कार केला नाही. एवढी वर्षं जे पोटात होतं तेच विचारलं.

"बा, तुला ठावं व्हतं?"

"नाय," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की माझा विश्वास बसला नाही.

"मंग धक्क्यावर का नाय आलास?"

"रडाया येत व्हतं. मानसांसमोर कसा येऊ?"

हे खरं असेल असं मला वाटलं. निदान खोटं असं ठरवता येईना. बाने टोपी दोन-तीनदा फिरवली आणि मग मी विचारलंच नव्हतं ते तो आपणहून बोलला. "मागनं ठावं झालं. आपल्या गावचा गोदीत कामाला हाय त्या पोरानं सांगितलं. मी आलो व्हतो मुंबईला. तुज्या गल्लीत. तू नळावर व्हतीस, घागर भरत."

"मंग हाक का नाय मारलीस?"

"हाक मारली असती तर तू आली असतीस. तुला घिऊन जानार कुठं व्हतो मी? घरात धाकली कमळ हाय. तिचं लगीन व्हायचं हाय."

सुपरिटेंडंटबाईंनी लिहायचं थांबवलं. बाने मला विकलं नव्हतं. त्याने मला पाहिलं आणि तो परत गेला. यातलं मोठं काय, हे तुम्ही ठरवा. मी अजून ठरवते आहे.

बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बापाबरोबर स्वखुशीने जातेस का?" पुन्हा तोच शब्द. पण या वेळी माझ्यापाशी उत्तर होतं. मी म्हटलं, "गावी जात नाही. पण लांबही जात नाही. पनवेलमध्ये काम बघून द्या."

त्या चकित झाल्या. सगळ्या मुली जिथे कुणी ओळखत नाही अशी जागा मागतात, म्हणाल्या. मला जिथे कुणी ओळखत नाही अशा जागेचाच कंटाळा आला होता. पनवेलला आमच्या गावचे लोक बाजाराला येतात. काय बोलायचं ते माझ्यासमोर बोलतील, एवढंच मला हवं होतं.

पनवेलच्या एका प्रसूतिगृहात मला आयाचं काम मिळालं. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलेलं होतं. बाकी गावाला कुणी सांगितलं कोण जाणे, पण कळलं. मी बाळाला न्हाऊ घालायला घेतलं की एखादी सासू ते माझ्या हातून काढून घ्यायची. एस.टी. स्टँडवर माणसं माझ्याकडे बघून खाकरायची. मीही काही कमी नव्हते. वॉर्डात बाळंतिणीला भेटायला आलेल्या प्रत्येक पुरुषाला, कुणाचा कोण, कशाला आलास, असं विचारून हैराण करायचे. डॉक्टरबाई म्हणायच्या, "चंद्रा, हे दवाखान्याचं दार आहे, चौकी नाही." पण मला त्यांनी दारावरून हलवलं नाही. आय बाजाराला आली की मागच्या अंगणात येऊन बसायची. घरचं सांगायची, भाताचं, खाडीचं, कमळचं. मुंबईबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. मला आधी वाटलं तिला लाज वाटते. मग वाटलं भीती वाटते. एकदा जाताना तिने नुसता माझ्या दंडावरून हात फिरवला.

काही वर्षांनी बा प्रसूतिगृहाच्या दारात उभा राहिला. मी आय आजारी आहे की काय म्हणून धावले. तो म्हणाला, "कमळला स्थळ आलंय. पोरगा मुंबईचा हाय. बरा दिसतोय. पन मला आता कुनी बरा दिसला की झोप नाय लागत. तू बगून सांग."

मी सुटी काढली आणि किती काळाने गावची वाट धरली. बाया दारांत उभ्या राहून बघत होत्या. कुणी हाक मारली नाही, पण कुणी दारही लावलं नाही. पाहुणे ओटीवर बसलेले होते. मी मुलाला मिलचं नाव विचारलं, खात्याचं, मुकादमाचं, चाळीतल्या शेजाऱ्यांचं. तो घामाघूम झाला, पण उत्तरं सरळ देत होता. खरं सांगायचं तर मुलगा मला चांगला वाटला. वसंतही चांगलाच वाटला होता, म्हणून मी माझ्या वाटण्यावर थांबले नाही. मी आत चुलीपाशी कमळकडे गेले.

"तुला जायचंय का?"

तिने उलट विचारलं, "बा काय म्हनतो?"

"बाचं नाय विचारत. तुझं विचारते."

तिने चुलीत दोन काटक्या सारल्या. मग म्हणाली, "पोरगा वंगाळ नाय. पन मला मुंबईला नाय जायाचं. मला भ्या वाटतं."

बा दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं. पाहुण्यांचा चहा झाला होता, गावची चार मोठी माणसं ओटीवर होती. तो आता तिला दटावणार, असं मला वाटलं. त्याने डोक्यावरची टोपी नीट केली आणि तो बाहेर गेला. मला त्याचा आवाज ऐकू आला.

"माफ करा. पोरगा तुमचा चांगला हाय. पन आमी पोरीला विचारलं. ती नाय म्हनते."

"पोरीला विचारलं?" पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला. कुणीतरी हसलं, आणि ओटीवर एक नाराजीची कुजबुज फिरली.

"हां," बा म्हणाला. "विचारलं."

त्याने ते कमळसाठी केलं, की मला दाखवायला, की आधीच्या भीतीने, मी अजून तपासत असते. संशय माझा असा सहज जात नाही. पण ते शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, आणि तेवढ्यापुरतं मी स्वतःलाही साक्षीदार मानते. कमळचं लग्न पुढच्या वर्षी जवळच्याच करंजा गावात झालं, तिच्या होकाराने. तिची दोन्ही बाळंतपणं आमच्या प्रसूतिगृहात झाली आणि बाळांना न्हाऊ मीच घातलं.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आय म्हणाली, ऱ्हा आज. मी राहिले नाही. रागाने नाही, दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. खाडीच्या वाटेवर गावची एक म्हातारी भेटली. इतकी वर्षं पनवेलच्या बाजारात ती मला बघून पदर तोंडावर घ्यायची. त्या दिवशी तिने विचारलं, "चंद्रे, कुठं चाललीस?"

पनवेल, असं तोंडाशी आलं होतं.

"घरी," मी म्हटलं, आणि एस.टी. चुकू नये म्हणून झपझप चालू लागले.