तिसऱ्या वर्षी वारलेली बाई

मीटरताईकडून उत्तर हवं असेल तर रांगेत उभं राहायचं, मग तुम्ही कुणीही असा. बत्तीस वर्षं ती या गावात घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडली. कुणाच्या जिन्याखाली काय दडलंय, कुठल्या घरातून कोण रागावून निघून गेलं, सगळं तिला पाठ. निवृत्त झाल्यावर नगरपालिकेत खेटे घातले, कारकुनांशी भांडून जन्म-मृत्यूच्या नोंदी उतरवून आणल्या आणि गावातल्या घराण्यांची वेबसाइट उभी केली. एकटीने. पदव्या मिरवणारे नुसते बघत राहिले.

मग पत्रांचा पूर लोटला. आमचे पणजोबा कुठल्या गल्लीत राहायचे? आजीचं माहेर कुठलं? मेल आला तरी ती छापायची, तारखेचा शिक्का मारायची, नंबर टाकायची. उत्तर नंबरानेच. एकदा नगरसेवकाचा फोन आला, "ताई, आमचं जरा आधी बघा ना."

"का? तुमच्या पूर्वजांना कुठे जायचंय? नंबर एकशे चौदा. थांबा."

पण हा ठसका फोनपुरताच. आई गेल्यापासून टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर फायलीच बसत. संध्याकाळी दुकानात "पाव किलो साखर" म्हणताना तिच्या लक्षात यायचं, आज आपण तोंड पहिल्यांदाच उघडलं.

त्या दिवशी एकशे एकतीसची पाळी होती. रेघांच्या कागदावर हाताने लिहिलेलं पत्र, शिक्का सात महिन्यांपूर्वीचा. "बाई, तुमच्या वेबसाइटवर मी तिसऱ्या वर्षी वारले असं लिहिलंय. शेजारणीने मोबाइलवर दाखवलं. मला ब्याऐंशी चालू आहे. जमल्यास दुरुस्ती करावी." खाली सही, घड्याळजीची मुलगी. पत्ता दोन गल्ल्या पलीकडचा.

मीटरताईने नोंदी काढल्या. घड्याळजीची पहिली मुलगी तिसऱ्या वर्षी तापाने गेली होती. पुढे दुसरी झाली, तिलाही आईने तेच नाव ठेवलं. वेबसाइट उभी करताना ताईला वाटलं होतं, कारकुनाने एकच मूल दोनदा चढवलंय. तिने एक नोंद खोडली होती आणि मरणाची तारीख उरलेलीला चिकटवली होती.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने ते गिळलं असतं. पण फाईल चाळताना शहाण्णव नंबर समोर आला. दूर देशातून एका तरुणाने लिहिलं होतं, "घड्याळजींचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. ते नुकतेच गेले. त्यांच्या बाजूचं तिकडे कुणी आहे का?" आणि तिने ठणकावून कळवलं होतं: कुणी नाही. एक बहीण होती, ती लहानपणीच गेली.

चपला सरकवून ती निघाली. ब्याऐंशीच्या माणसाला सात महिने म्हणजे काय असतात, हे तिला आईमुळे ठाऊक होतं. वाटेत तिने स्वतःला ठेवणीतल्या शिव्या घातल्या.

दुसरा मजला, डावीकडचं दार. उघडलं. बारीक चणीची म्हातारी, चष्मा कपाळावर.

"कोण गं?"

"वेबसाइटवाली."

"अगं बाई! आधी मारून टाकलंस, आता मयताला आलीस होय? ये, बस."

माफी मागायची ताईला सवय नव्हती. "चुकलं माझं, मावशी," एवढंच कसंबसं निघालं. मग तिने नातवाचं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता दुसरी चूक केली.

"दादा गेला?" म्हातारीने विचारलं.

ताईने मान हलवली.

"चाळीस वर्षं बोलत नव्हतो," म्हातारी म्हणाली. "वाटायचं, आधी त्याने बोलावं." तिने कपाळावरचा चष्मा काढून पदराला पुसला. "आणि त्याच्या नातवाला वाटतं, मी नाहीच."

"आजच कळवते. पानही सुधारते. फक्त..." ताई अडखळली, "जिवंत माणसांची माहिती आम्ही झाकतो. दुरुस्ती केली की तुमचं नाव दिसायचं बंद होईल."

"म्हणजे मेले तर नावानिशी, आणि जिवंत असले तर कोरी चौकट? वा गं तुझा कायदा!"

"लेखी परवानगी दिलीत तर दाखवता येतं."

"मग कागद आण."

म्हातारीने सावकाश लिहिलं: मी आहे. दुसरा मजला, डावीकडचं दार. दुपारी झोपत नाही.

ताईने त्याच दिवशी ते वेबसाइटवर चढवलं, नातवालाही धाडलं. महिना झाला, उत्तर नाही. मेलचा पत्ता बंद पडला असेल, की तो उघडूनच बघत नसेल, कोण जाणे. रोज चारच्या सुमाराला ताई दोन गल्ल्या चालून जाते आणि सांगते, "अजून काही नाही, मावशी."

"एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं."

"आलं असतं," ताई म्हणते, आणि बसते.