विरजणाचं पिंप

मुरबाडजवळच्या एका वसतिगृहामागे सांडपाण्याचं उथळ तळं आहे. तिथं मी कामाला आहे. पूर्वी आम्ही दोघं होतो. तळ्यात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ वाढवतात. भाताला आपण पोत्यानं घालतो तेच नत्र, स्फुरद सांडपाण्यात असतं. शेवाळ ते खातं आणि खालचा ओढा जलपर्णीनं भरत नाही. तळं बिघडलंच तर पुन्हा लावायला थोडं हिरवं पाणी पिंपात राखून ठेवायचं. त्याला आम्ही विरजण म्हणायचो.

जोडीदार किन्हवलीचा, माझ्याहून लहान. तो भाचीच्या लग्नाला रजेवर होता, तेव्हा साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे आधी शेवाळ घासतात. मीही घासलं. कडा, पाणी ढवळणारं चाक, सगळीकडे ब्लिचिंग पावडर मारली. पिंप हिरवंगार दिसत होतं, साहेबांना घाण वाटेल म्हणून तेही ओतून धुतलं. दोन दिवसांत तळं तपकिरी पडलं, वास सुटला.

साहेबांनी विचारलं, तर म्हणालो, "मी नाय. त्यानं जाताना धुतलं असेल."

त्याला कामावरून काढलं.

तेव्हापासून डबा उघडतो तो एकट्यानंच. चाक फिरत असतं. बोलायला कुणी नसतं, आणि असतं तरी मी काय बोललो असतो?

गेल्या महिन्यात किन्हवलीला गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. उभ्याउभ्याच कबूल केलं.

"माहीत हाय, दादा. विरजणाचं भांडं घासतं का कोण?" कुऱ्हाड चालूच होती. "सायबाला बोललो मी. त्यांनी तुमचं आयकलं. आता मला सांगून काय? हिला सांगा. ही अजून इचारते, खरंच तुमी नाय ना केलं?" घराकडे वळून हाक मारली, "भायेर ये गो!"

त्याची बायको हात पुसत आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"सायबाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मंग आमच्या दारात काय करताय?"

ती आत गेली. तो पुन्हा लाकडांकडे वळला. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं लिहून दिलं. अजून उत्तर आलेलं नाही. तळ्यावर माणूस लागतो, म्हणून तोवर मी इथं आहे.