कोणाचा आवाज राह्यला?

टक-टक. तिकिटाला भोक पाडण्याचा लोखंडी पंच टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवायचा, वर्गावरून सावकाश नजर फिरवायची आणि विचारायचे, "कोणाचा आवाज राह्यला?" आमच्या गावच्या शाळेत पहिलीला शिकविणाऱ्या बाई मला आठवतात त्या अशा.

बाई वणीकडच्या. वडील एस.टी.त वाहक होते आणि त्यांच्याकडचा मोडीत निघालेला पंच बाईंनी माहेराहून आणलेला होता. दुसऱ्या मास्तरांच्या हातात छडी असे, बाईंच्या हातात पंच. मुलांना तो आवाज ओळखीचा असल्यामुळे टक-टक झाले की पोर आपोआप सरळ बसत असे, जणू सुटे पैसे काढायला सांगितले आहे.

मी गावाहून घाटंजीला जाऊन तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसतो आणि अर्ज लिहितो. माझे शिक्षण आठवीत थांबले, तथापि माझ्या हातचा अर्ज वाचून "हा कोणी लिहिला?" असे अधिकाऱ्यांनी विचारल्याचे प्रसंग आहेत. हे आत्मस्तुतीसाठी नव्हे, पुढील मजकुरास वजन यावे म्हणून नमूद करतो.

ती वर्षे कापसाला वाईट होती. भाव चढेल या आशेने लोकांनी कापूस विकला नव्हता, घरातच भरून ठेवला होता. बसायची खोली आढ्यापर्यंत पांढरी. मुले त्याच ढिगावर निजत आणि सकाळी अंग खाजवीत शाळेत येत. साठवलेल्या कापसाची ती खाज ज्याने भोगली, त्यालाच ठाऊक.

अशा दिवसांत एका संध्याकाळी तांड्याचे नाईक माझ्या ओट्यावर आले. डोक्याला लाल पागोटे, हातात काठी, बोलणे मोजके. त्यांची नात त्या वर्षी पहिलीत बसली होती.

"भाऊसाहेब, अर्ज लिहा. बाई बदलून पायजे."

"कारण?"

"पयले शाळंतून बाराखडी वावरापर्यंत आयकू ये. आता नुसतं खिदळणं आयकू येते. बाई शिकवत नाई, खेळवते. बाई बदलत नसन तर तांड्याची सारी पोरं मी आश्रमशाळेत नेऊन टाकतो."

गोष्ट लहान नव्हती. वर्गातली निम्मी मुले तांड्यावरची. ती गेली की पट पडणार, बाईंची जागा जाणार आणि उरलेली पोरे मोठ्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात बसणार. शिवाय नाईकांची नात सहा वर्षांची. आश्रमशाळा दूर, राहणे तिथेच.

मी म्हटले, "नाईक, स्थळपाहणी केल्याशिवाय मी कोणाविरुद्ध ओळ लिहीत नाही. घाटंजीच्या होळीच्या बाजारापर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून मी वर्गात गेलो. जमिनीवर दोराचे लांबट कडे होते. ती एस.टी. दारात बाई वाहक. बाहेर उभ्या प्रत्येक पोराला एकेक आवाज वाटून दिलेला. अक्षर कुठेच नाही, फळा कोरा. "अगोदर आवाज, मग अक्षर," हे बाईंचे दुसरे ठरलेले वाक्य. एक पोरगा 'का' म्हणत चढला, दुसरा 'पू', तिसरी 'स'. टक-टक. गाडी धावू लागली. का, पू, स. वेग वाढला तसे आवाज एकमेकांना चिकटले आणि सबंध गाडी ओरडली, "कापूस!" पुढच्या खेपेला पोरे उलटसुलट चढली, तेव्हा बाईंनी तोंडाने हवा सोडली. "सुस्स. पंक्चर. उतरा सारे, कोण कोणाच्या मागं होतं ते पाहा."

मी गंभीरपणे विचारले, "बाई, पुस्तकात 'क कमळाचा' आहे. आपण पोरांना 'ख खाजेचा' शिकविता, असे समजले."

"कमळ कोणी पाह्यलं, भाऊ? खाज सगळ्यायले माहीत हाय." एवढे ऐकताच अख्खा वर्ग ख-ख-ख करीत अंग खाजवू लागला. माझाही हात मानेकडे गेला.

मी लिहून घेण्यासाठी खुर्ची मागितली. बाई म्हणाल्या, "गाडीत फुकट प्रवास नाही. तुम्ही 'ग' घ्या."

"मी पाहणीसाठी आलो आहे."

"मग बरोबर. 'कागद' करून राह्यलो आम्ही. तुमच्याबिगर कसा होईन?"

वाचकहो, 'का' आणि 'द' यांच्या मधोमध, दोर धरून, मी धावलो. साक्षीदार पुष्कळ आहेत, म्हणून नाकारण्यात अर्थ नाही.

भिंतीला पाठ लावून एक मुलगी तेवढी उभी होती. नाईकांची नात. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. आपण तोंड उघडले की हसतील, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते आणि त्यानंतर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या.

"तुले तोंड नाही उघडायचं ना? नको उघडू. तू 'म' घे. 'म'ले तोंड उघडा लागत नाही."

मुलीने त्यांच्याकडे पाहिले. बाईंनी ओठ मिटले, तिचा तळवा उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि 'म्‌म्‌म्‌' केले. मुलीच्या तळव्याला ते कळले असावे. तिने दुसरा हात आपल्या गळ्यावर ठेवला. ओठ घट्टच होते. पण रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटातून यावा तसा एक बारीक आवाज आला. वर्गात कोणी हसले नाही. बाईंनी टक-टक केले. "चढा. 'म'चं तिकीट झालं."

मी रोज डोकावू लागलो. पाहणी अपुरी राहू नये, एवढाच हेतू. एके दिवशी पोरे कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून बसली होती. समोर वस्तूंचा ढीग; बाई आवाज सांगणार, त्या आवाजाची वस्तू वेचून ओटीत टाकायची. 'ब' म्हणताच नाईकांच्या नातीने भाकर उचलली. एक पोरगा फिसकन हसला, "बाई, हे पाहा, भाकर टाकली!"

"हसू नको बे. तिच्या घरी बाटी म्हंते तिले. तिचं बरोबर हाय."

मुलीने भाकर ओटीत दाबून धरली ती सुट्टी होईपर्यंत सोडली नाही. तिच्या बोलण्याला 'बरोबर' म्हणणारे शाळेत पहिल्यांदा कोणी भेटले होते.

पुढे आवाज पक्के होत गेले तशी बाईंनी एकेका आवाजाचे अक्षर फळ्यावर काढले; नातीचा 'म' सर्वांत आधी. होळीच्या बाजाराचा दिवस उजाडला. फाट्यावर गर्दी. नाईक होते, चपलेच्या मापासाठी सोबत आणलेली नात होती आणि कोरा कागद घेऊन मी होतो. नाईक म्हणाले, "पाहणी झाली?" मी म्हटले, "घाटंजीला बसून बोलू." तेवढ्यात धुरळा उडवीत गाडी आली. बाजाराची गाडी त्याच वेळेला येते, म्हणून आमच्याकडे गाडीची पाटी कोणी पाहत नाही, वेळ पाहतात. लोक चढू लागले. नाईकांनी काठी आत सारली. ज्याचे आयुष्य वाचण्यात गेले, त्या मीही पायरीवर पाय ठेवला.

नात खालीच उभी होती. मान वर, ओठ मिटलेले, एक हात गळ्यावर. नाईकांनी हाक मारली, ती हलली नाही. पाटीवर तिला तिचा 'म' दिसला होता. तो धरून ती अक्षरांवरून मागे गेली, पुढे गेली, ओठ हलत होते. मग तिने आजोबांचे धोतर ओढले.

"दादा, ये घाटंजी छेनी."

ही घाटंजी नाही. मग मराठीत, एकेक आवाज चढवीत, "य... व... त... मा... ळ. यवतमाळ."

मी उतरून पाटी पाहिली. यवतमाळच होते. वाहक आतून म्हणाला, "अरे, घाटंजी मांगून येऊन राह्यली. उतरा. कोणं वाचलं हे?"

सारी गर्दी खाली उतरली. नाईक मात्र काठी टेकून नातीशेजारी पाटीखाली जाऊन उभे राहिले. तिला हा शब्द कोणी पाठ करून दिलेला नव्हता. शेवटी ते माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तो कागद राहू द्या." आणि वर, "बाईले म्हणा, खिदळणं आयकू आलं तं चालते."

तांड्याची पोरे गेली नाहीत. बाईही राहिल्या, नात तिसरीत जाईपर्यंत. मग बदलीचा आदेश आला. तो रद्द व्हावा म्हणून मी आजवरचा माझा सर्वोत्तम अर्ज लिहिला. खाली पहिला अंगठा नाईकांचा होता. उत्तर आले नाही.

बाईंना पोचवायला सारी शाळा फाट्यावर आली होती. नाईकांच्या नातीने पाटी मोठ्याने वाचली, "वणी," आणि मगच बाईंना चढू दिले. बाई खिडकीशी बसल्या. काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी पर्समधून पंच काढून खिडकीच्या गजावर वाजविला, टक-टक, पण पुढचे वाक्य आले नाही.

ते खालून आले. आता चांगली खणखणीत झालेली ती पोरगी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज राह्यला."

बाईंनी मान हलविली. गाडी हलली. त्यांनी ओठ घट्ट मिटले, एक हात गळ्यावर ठेवला, आणि खिडकी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच होता. 'म'ला तोंड उघडावे लागत नाही.