एलिफलेट थॉर्नचा शेवटचा अशील

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात हार्ट्सबरी गावी एलिफलेट थॉर्न वकिलीही करी आणि तुरुंगही सांभाळी. खटला हरला की अशील त्याच्याच घरी मुक्कामाला येई, कारण तुरुंग म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरामागची दगडी खोली.

"वकिली चालत नाही कोण म्हणतं? अशील तुम्हाला सोडून जातच नाहीत," त्याची बायको सबमिट म्हणे, आणि कैद्याला भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेल्या 'पाय'चा थोरला तुकडा वाढे.

सध्याचा अशील झेडॉक. शेजाऱ्याच्या मेपलच्या झाडांचा गोड रस चोरून मार्चमध्ये आत आला होता. आता सप्टेंबर आला, थंडी दाराशी, आणि कोठडीत शेगडी नाही. कैद्यांना ऊब मिळावी असा कायदा करायचा म्हणून एलिफलेट विधानसभेसाठी उभा राहिला. समोर चर्चचे कारभारी, डीकन प्रुइट. चोरानं कुडकुडलंच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत.

मतदानाच्या दिवशी सबमिट बहिणीकडे गेलेली. झेडॉकला कोंडून जावं आणि मागे आग लागली तर? एलिफलेटनं त्याचं मनगट आपल्या मनगटाला दोरीनं बांधलं आणि दोघं सभाघरात गेले.

गावाची रीत अशी, की ज्याला मत द्यायचं त्याच्या भिंतीशी जाऊन उभं राहायचं. सभ्य माणूस स्वतःला मत देत नाही, म्हणून एलिफलेट निमूटपणे डीकनच्या भिंतीशी गेला. दोरीमागोमाग झेडॉकही.

डोकी मोजली. इकडे एकेचाळीस, तिकडे एकेचाळीस. बरोबरी झाली तर निकाल सभापतीच्या हाती, आणि सभापती डीकनचे सख्खे मेहुणे. ते घसा खाकरू लागले, तशी एलिफलेटला ती गार कोठडी दिसू लागली.

"साहेब, माझं डोकं कशाला मोजलंत?" झेडॉकनं बांधलेला हात वर केला, त्याबरोबर एलिफलेटचाही गेला. "कैद्याला मत नसतं."

"मग इथे उभा कशाला राहिलास?" डीकन कडाडले.

"माझ्या वकिलाला विचारा. त्यांनी मला कुठे कुठे नेऊन उभं केलंय, काय सांगू."

सभाघर हसून हसून वाकलं. डीकनकडे चाळीसच उरले.

परतताना एलिफलेट म्हणाला, "झेडॉक, तू माझ्यापेक्षा चांगला वकील आहेस."

"तसा तर कुणीही आहे. शेगडीचं बघा."

नाताळाआधी कायदाही झाला आणि शेगडीही आली. झेडॉकची शिक्षा त्याच आठवड्यात संपली. "आता खोली उबदार झाली, आणि मला हाकलताय होय?" म्हणून तो दारातच अडून बसला. शेवटी सबमिटनं त्याला रविवारच्या जेवणाचं कायमचं आमंत्रण दिलं, तेव्हा कुठे उठला.